फिरती मोटर कागदावर थांबवणारा

आमच्या विहिरीवर पाच अश्वशक्तीची मोटर होती. उन्हाळ्यात संध्याकाळी शिवारातल्या साऱ्या मोटरी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज खाली जाई, मोटरीचा सूर जड होई आणि थोड्याच वेळात जळक्या वॉर्निशचा वास सुटे. एका उन्हाळ्यात ती दोनदा जळाली. तालुक्याच्या गावच्या वाइंडिंगवाल्या मिस्त्रींनी हलकी तार भरली, असा ठपका ठेवून वडिलांनी त्यांचे राहिलेले पैसे अडवले. मीही वडिलांचीच री ओढली. आपले चुकले, हे मला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी एका लहानशा आकृतीवरून कळले. त्या आकृतीला ज्याचे नाव लावले जाते, त्या चार्ल्स स्टाइनमेट्झची ही हकिकत.

त्याचा जन्म ९ एप्रिल १८६५ रोजी ब्रेस्लाउ येथे झाला. तेव्हा प्रशियाच्या अमलाखाली असलेले हे शहर आज पोलंडमध्ये व्रोत्सुआफ या नावाने ओळखले जाते. उंची जेमतेम चार फूट, पाठीला कुबड, चालणे वाकडे. कुबडाचे दुखणे वडिलांना आणि आजोबांनाही होते. गणितात मात्र त्याची बुद्धी विलक्षण चाले. विद्यापीठात असताना तो समाजवादी चळवळीत ओढला गेला. बिस्मार्कच्या राज्यात त्या चळवळीवर बंदी होती. पोलीस मागे लागले तेव्हा, १८८८ मध्ये, हातातोंडाशी आलेली डॉक्टरेट सोडून तो झुरिचला निघून गेला.

पुढच्याच वर्षी तो न्यू यॉर्क बंदरात उतरला. अंगात व्यंग, खिसा रिकामा, इंग्रजी येत नाही. अधिकारी त्याला परत पाठवायला निघाले होते. सोबतच्या मित्राने त्याची हमी घेतली म्हणून तो आत गेला. जवळच योंकर्स येथे रुडॉल्फ आयकेमायर या जर्मन कारखानदाराकडे त्याला काम मिळाले. कार्ल ऑगस्टचा तो चार्ल्स झाला, आणि विद्यार्थिदशेतले प्रोटियस हे टोपणनाव त्याने मधल्या नावासारखे जोडून घेतले.

त्या काळात ए.सी. विजेचा उदय होत होता. १८८८ मध्येच इटलीत गॅलिलिओ फेरारिस आणि अमेरिकेत निकोला टेस्ला यांनी फिरत्या चुंबकीय क्षेत्रावर चालणारी मोटर जगापुढे मांडली होती. कल्पना देखणी होती. बाहेरच्या स्थिर भागात, म्हणजे स्टेटरमध्ये, एकामागोमाग येणारे प्रवाह सोडले की चुंबकीय क्षेत्र आतल्या आत गरगर फिरते. ते मधल्या रोटरच्या सळ्यांना छेदते, सळ्यांत आपोआप प्रवाह उपजतो आणि रोटर क्षेत्राच्या मागे धावू लागतो. मात्र तो क्षेत्राला कधीच गाठत नाही. गाठले तर छेदणे थांबेल, प्रवाह थांबेल, जोरही संपेल. या मागे राहण्याला स्लिप म्हणतात.

पण अशी यंत्रे बांधायची ती बरीचशी अंदाजाने. लोखंडात किती वीज वाया जाईल, हे यंत्र उभे राहिल्यावर कळे. १८९२ मध्ये स्टाइनमेट्झने त्या हिस्टेरिसिस नावाच्या नुकसानीचा नियम मांडला आणि ते आधीच मोजता येऊ लागले. १८९३ मध्ये शिकागोच्या वीज परिषदेत त्याने ए.सी.ची क्षणाक्षणाला बदलणारी गणिते उणे एकच्या वर्गमुळाच्या आधाराने साध्या बीजगणितात आणून ठेवली. याच सुमारास आयकेमायरचा कारखाना जनरल इलेक्ट्रिकने घेतला आणि १८९४ पासून स्केनेक्टडी हे त्याचे गाव झाले. १८९७ मध्ये त्याचा इंडक्शन मोटरवरचा निबंध प्रसिद्ध झाला.

ती आकृती या विचारातली. फिरणारी मोटर तिथे फिरतच नाही. स्टेटरचा रोध, लोखंड चुंबकित करणारी शाखा आणि रोटरचा रोध, असे एक स्थिर मंडल असते. फक्त रोटरचा रोध स्लिपने भागायचा. आमच्या मोटरीच्या पट्टीवर १४४० फेरे लिहिलेले होते. पन्नास सायकलच्या विजेवर चार ध्रुवांच्या मोटरीचे क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते. साठ फेऱ्यांची तूट, म्हणजे स्लिप चार टक्के. म्हणून रोटरचा रोध पंचवीसपट दिसतो. या पंचविसातला एक भाग सळ्यांत उष्णता होऊन जातो, उरलेले चोवीस भाग म्हणजे दांड्यावर मिळणारे काम. पाणी उपसणे हेसुद्धा कागदावर एक रोध होऊन बसते!

मोटर थांबलेली असेल तर स्लिप शंभर टक्के, मग ते चोवीस भाग शून्य. म्हणूनच सुरू होताना ती पाच-सातपट प्रवाह ओढते आणि स्टार्टर लागतो. व्होल्टेज पडले की जोर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. पाण्याचा भार मात्र फारसा उतरत नाही. मोटर मंदावते, स्लिप आठ टक्क्यांवर जाते, पंचवीसपट रोध साडेबारापटीवर येतो आणि प्रवाह वाढतो. वाइंडिंगमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. तार कितीही चांगली भरली तरी ती जळणारच.

स्टाइनमेट्झने लग्न केले नाही. आपले व्यंग मुलांत उतरेल, ही धास्ती त्याला होती. सहकारी जोसेफ हेडनला त्याने मुलगा मानले आणि हेडनचे सारे कुटुंब त्याच्या घरी राहिले. नातवंडांत तो रमला. राजकारणही त्याने सोडले नाही. स्केनेक्टडीत समाजवादी महापौर निवडून आला तेव्हा तो तिथल्या शिक्षण मंडळाचा अध्यक्ष झाला. अठ्ठावन्नाव्या वर्षी, २६ ऑक्टोबर १९२३ रोजी, तो झोपेतच गेला.

त्या दिवाळीच्या सुटीत मी ती आकृती वहीत काढून वडिलांना दाखवली. पंचवीस आणि साडेबारा एवढेच त्यांना समजावले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एस.टी.ने तालुक्याला गेले आणि मिस्त्रींचे राहिलेले पैसे देऊन आले.