रुडॉल्फ डिझेल : इंजिन धावले, माणूस थकला

पेट्रोल पंपावर रोज लाखो लोक ज्याचे नाव घेतात तो कोणे एके काळी हाडामासाचा माणूस होता, हे त्यांतल्या अनेकांच्या ध्यानातही नसते. रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील मूळचे बव्हेरियाचे. वडील चामड्याच्या वस्तू बनवणारे कारागीर. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचे युद्ध पेटले, पॅरिसमधल्या जर्मनांना गाशा गुंडाळावा लागला आणि हे कुटुंब लंडनला गेले. तिथे खायचे वांधे. बारा वर्षांच्या रुडॉल्फला ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे पाठवून देण्यात आले. त्याच गावात पुढे त्याचे इंजिन जन्माला आले.

म्युनिकच्या तंत्रशाळेत कार्ल फॉन लिंडे हे शीतकरणातले मोठे प्राध्यापक त्याला शिकवायला होते. वाफेचे इंजिन कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा भाग कामाला लावते आणि बाकीची वाया घालवते, ही गोष्ट त्याने त्यांच्या वर्गात ऐकली आणि ती त्याच्या डोक्यात घर करून बसली. १८७९ मध्ये ऐन शेवटच्या परीक्षेच्या वेळी त्याला टायफॉइड झाला. प्रतिजैविके नसलेला तो काळ. टायफॉइड म्हणजे कित्येक आठवडे अंथरूण आणि जीवावरचे दुखणे. परीक्षा हुकली. पुढच्या परीक्षेपर्यंतचा वेळ त्याने स्वित्झर्लंडमध्ये सुल्झर कंपनीच्या कारखान्यात हाताने काम करत काढला आणि १८८० मध्ये उत्तम गुणांनी पदवी मिळवली.

पुढची अनेक वर्षे लिंडे यांच्या बर्फयंत्रांच्या व्यवसायात गेली. लग्न झाले, तीन मुले झाली. डोकेदुखीही मागे लागली, ती कायमची.

डिझेल यांची कल्पना सांगायला सोपी आहे. सायकलचा पंप भराभर मारला की त्याचा तळ तापतो, कारण दाबलेली हवा गरम होते. ती इतकी दाबायची की तिच्यात इंधनाचा फवारा सोडताच ठिणगीशिवाय ते पेटले पाहिजे. १८९२ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. ऑग्सबर्गच्या यंत्रकारखान्यात १८९३ च्या ऑगस्टमध्ये पहिली चाचणी झाली, तेव्हा स्फोट होऊन दाब मोजणाऱ्या उपकरणाच्या चिंधड्या उडाल्या. पण इंधन आपोआप पेटते, हे त्यातूनच कळले. साडेतीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ रोजी, प्राध्यापक श्रोटर यांनी सुधारित इंजिनाची रीतसर मोजणी केली. कार्यक्षमता भरली २६ टक्क्यांहून अधिक. वाफेच्या इंजिनाला हे स्वप्नातही शक्य नव्हते.

इथून पुढे सुखाचे दिवस यायला हवे होते. पैसा आला, म्युनिकमध्ये आलिशान बंगला उभा राहिला. पण पेटंटवरून वाद सुरू झाले, घाईने विकलेली इंजिने गिऱ्हाइकांकडे बंद पडू लागली आणि त्याचे खापर डिझेल यांच्यावर फुटले. १८९८ च्या शरद ऋतूत ते पूर्ण कोसळले आणि म्युनिकजवळच्या आरोग्यधामात दाखल झाले. अशा अवस्थेला तेव्हाचे डॉक्टर मज्जातंतूंचा थकवा म्हणत. उपाय एकच, विश्रांती आणि हवापालट. डोकेदुखी, निद्रानाश, दिवसचे दिवस झपाटून काम आणि मग अचानक गळून जाणे, असा इतिहास आज कुणी सांगितला, तर डॉक्टर डोक्याआधी मनाची चौकशी करतील. नैराश्यावर परिणामकारक औषध मिळायला तेव्हा अजून अर्धे शतक होते. त्यात भर म्हणजे जमिनी आणि तेलाच्या सट्ट्यात त्यांनी कमावलेले घालवले. हिशेबात इतका काटेकोर माणूस व्यवहारात असा कसा फसला, याचे नवल वाटते. पण आजारी मन घेत असलेले निर्णय अनेकदा असेच असतात.

रेल्वेचे स्वप्न मात्र त्यांनी सोडले नाही. सुल्झर आणि अभियंता क्लोझे यांच्यासह त्यांनी सुमारे हजार अश्वशक्तीचे रेल्वे इंजिन उभारले. १९१२ मध्ये ते स्वित्झर्लंडमध्ये रुळांवर धावले, पण फार टिकले नाही. त्यात इंजिन थेट चाकांना जोडलेले होते. वाफेचे इंजिन जागच्या जागी उभे असतानाही पूर्ण जोर लावू शकते. डिझेलचे तसे नसते. आधी ते फिरत असावे लागते, मगच जोर येतो. त्यामुळे सुरुवातीला गाडी दाबलेल्या हवेने ढकलावी लागे.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी डिझेल अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवर चढले. सोबत्यांबरोबर जेवले, सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून खोलीत गेले. सकाळी अंथरूण न वापरलेले होते. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह आढळला. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेऊन तो पुन्हा पाण्यात सोडला. पाकीट, चाकू, चष्म्याचे घर आणि गोळ्यांची एक डबी. मुलाने, ऑयगेनने, त्या वस्तू ओळखल्या. घातपाताच्या अफवा खूप पिकल्या. घरची आर्थिक स्थिती उघड झाल्यावर जवळच्या अनेकांना त्यांची गरज वाटली नाही. ते ५५ वर्षांचे होते.

गंमत अशी, की रेल्वेचे कोडे त्याच सुमारास सुटत होते, तेही लहान गाडीतून. इंजिनाने जनित्र फिरवायचे आणि विजेच्या मोटारींनी चाके, म्हणजे इंजिन आपल्या गतीने निवांत फिरत राहते. स्वीडनमध्ये १९१३ मध्ये आणि सॅक्सनीत पुढच्या वर्षी अशा रेल्वेमोटारी तयार झाल्या. मोटारीचाच डबा, त्यातच प्रवासी. आडमार्गाच्या फाट्यांवर त्यांची खरी गरज होती. मूठभर प्रवाशांसाठी तासन्‌तास आधी बंब पेटवायचा, चालक आणि कोळसा टाकणारा अशी दोन माणसे लावायची, हे परवडत नव्हते. तरी इंजिने अजून अवजड होती. इंधन फवारायला हवेचा वेगळा कॉम्प्रेसर लागे. १९२० च्या दशकात त्याची जागा छोट्या इंधनपंपाने घेतली आणि वजन झपाट्याने उतरले.

आयर्लंडमधल्या डोनेगल परगण्याच्या अरुंद रुळांवर १९३१ मध्ये डिझेल रेल्वेमोटार आली, तेव्हा तिचे इंजिन शंभर अश्वशक्तीचेही नव्हते. वाटेत फाटकाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्यांसाठीही तिथल्या मोटारी थांबत, आपल्या एसटीच्या ‘हात दाखवा, गाडी थांबवा’सारख्या.