साठीनंतरचे बावनकशी सोने

इंदूरच्या सराफ्यात सराफ दागिना कसोटीवर घासून पाहतो. घडवणाराचे वय तो विचारीत नाही. मग लेखकाचे वय त्याच्या लेखनात उमटते काय? हा प्रश्न निघाला की आम्हांस लक्ष्मीबाई टिळक आठवतात.

नाशिकजवळच्या जलालपूर गावी १८६८ साली त्यांचा जन्म झाला. शाळा त्यांना ठाऊक नव्हती. बालपणीच नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. अक्षरओळख त्यांनीच करून दिली. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला.

१९१९ मध्ये टिळक प्रभूकडे गेले. त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' बाईंनी पुढे नेले. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली निघाला, तेव्हा त्यांचे वय सहासष्ट होते. १९३६ साली त्या निवर्तल्या.

या पुस्तकात वय दिसते खरे, पण थकवा म्हणून नव्हे. वडिलांचे पराकोटीचे सोवळे, पतीचा तापट स्वभाव, ताटातुटीचे दुःख, स्वतःचे अडाणीपण, सारे त्या हसत सांगतात. कोणावर राग नाही. जखम ओली असताना, तिशीत, असे लिहिणे झाले नसते, असे आम्हांस वाटते. वार्धक्यातही फळ देणाऱ्या झाडांविषयी ९२ वे स्तोत्र सांगते, ते हेच.

संडे स्कूलच्या शिक्षकांनो, मुलांना आजीआजोबांच्या विश्वासाची गोष्ट लिहून आणावयास सांगा. आजीला लिहिता येत नसेल, तर तिने सांगावे व नातवंडाने लिहावे. आपल्या मंडळीतले कितीतरी सोने कसोटीला न लागताच मातीत जाते.