बायसिकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा

सर जॉन फॉस्टर फ्रेझर यांचा जन्म १८६८ साली एडिंबरो शहरी झाला. वृत्तपत्रव्यवसायात असता, १८९६ च्या जुलैत लन व लो या दोन सोबत्यांसह ते लंडनहून बायसिकलीवर जगप्रवासास निघाले. रशिया, इराण, हिंदुस्थान व ब्रह्मदेश करून ते चीनच्या डोंगराळ सरहद्दीत शिरले. तेथील वाटा इतक्या बिकट की, स्वारांस गाडीसह पायीच चालावे लागे. अखेर जपान व अमेरिका पाहून, ७७४ दिवसांत १९,२३७ मैल तुडवून, १८९८ साली ते स्वदेशी परतले. फ्रेझर यांनी पुढे अनेक प्रवासग्रंथ लिहिले. १९३६ साली ते निवर्तले. विद्यार्थ्यांनी मैलांचा आकडा विसरला तरी चालेल. परंतु तिघे निघाले ते तिघेही परतले, हे विसरू नये, असे आम्हांस वाटते.