शाळेच्या इमारतीचा लिलाव झाला, पण पलुसकरांनी रुजवलेल्या गाण्याच्या परीक्षा आजही सुरू आहेत

प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद. घरात कुणी गाणं, तबला किंवा कथक शिकत असेल, तर ही नावं कानावर पडलेली असणारच. फॉर्म भरायचा, सेंटरवर जायचं, परीक्षकांसमोर राग गाऊन दाखवायचा आणि वरच्या परीक्षांना थिअरीचा पेपरही लिहायचा.

पण सव्वाशे वर्षांपूर्वी गाण्याची परीक्षा म्हटलं असतं, तर भलेभले उस्ताद हसले असते. गाणं शिकायचं तर गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं आणि बुवांची मर्जी होईल तेव्हा एखादी चीज पदरात पडायची.

हे चित्र बदलणाऱ्यांतलं मोठं नाव म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर.

१८ ऑगस्ट १८७२ चा जन्म, गाव कुरुंदवाड. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाका उडून डोळे अधू झाले आणि शाळेचा मार्गच बंद झाला. मग मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं सुरू झालं. मिरजेच्या राजांचा आश्रय होता, त्यामुळे पोटाची चिंता नव्हती.

असं सांगतात की, गावातल्या एका समारंभाचं आमंत्रण पलुसकरांना आलं, पण त्यांच्या गुरूंना आलं नाही. पलुसकर राजांच्या मर्जीतले होते, बाळकृष्णबुवा मात्र शेवटी गवई! गवयाला कोण मान देणार? ही गोष्ट त्यांना चांगलीच लागली. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. बडोदा, ग्वाल्हेर, सौराष्ट्र, मथुरा, दिल्ली असं फिरत ते पंजाबात पोहोचले. वाटेत राजेरजवाड्यांपुढे तर गायलेच, पण तिकीट लावून सामान्य लोकांसाठीही जलसे केले.

५ मे १९०१ ला लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय सुरू झालं.

तशी गायनशाळा त्याआधीही होती. बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयानं मौलाबक्ष यांनी ती १८८६ मध्येच काढली होती. पण ती संस्थानाची. लाहोरची शाळा चालायची लोकांच्या देणग्यांवर आणि जलशांच्या पैशांवर. सुरुवातीला म्हणे कुणी फिरकायचंही नाही, पलुसकर एकटेच तंबोरा घेऊन बसायचे.

हळूहळू वर्ग भरू लागले. पलुसकरांनी स्वरलिपी बनवली, पुस्तकं छापली, अभ्यासक्रम ठरवला, परीक्षा घेऊन पदव्या दिल्या. मुलींचेही वर्ग काढले. ज्या काळात चांगल्या घरच्या मुलीनं गाणं म्हणजे बदनामी समजली जायची, त्या काळातली ही गोष्ट. परीक्षा पास झाली म्हणून कुणी मोठा गवई होत नाही, हे उघड आहे. पण मुलगी काय शिकते हे घरच्यांना छापील पुस्तकात दिसत होतं, आणि हा फरक लहान नव्हता.

याशिवाय 'उपदेशक' वर्ग होता. त्यात पुढचे शिक्षक घडायचे. त्यांच्या राहण्या-जेवणाचा खर्च शाळेच्याच डोक्यावर. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही सगळी पलुसकरांचीच शिष्यमंडळी.

१९०८ मध्ये मुंबईत शाळा निघाली. पुढे कर्ज काढून मोठी इमारत बांधली आणि तिथंच गणित फसलं. पलुसकर जलशांच्या कमाईतून हप्ते फेडत राहिले, पण कर्ज काही हटेना. शेवटी इमारतीचा लिलाव झाला. पलुसकर रामभक्तीकडे वळले आणि नाशिकला आश्रम काढून राहिले.

घरातही दुःखच. बारा मुलांपैकी अकरा लहानपणीच गेली. १९२१ मध्ये जन्मलेला दत्तात्रेय तेवढा वाचला.

२१ ऑगस्ट १९३१ ला मिरजेत पलुसकरांचं निधन झालं. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आजच्या प्रारंभिक ते अलंकार या परीक्षा हेच मंडळ घेतं.

दत्तात्रेय तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा होता. वडिलांकडून शिकायला त्याला फारसा वेळच मिळाला नाही. तो शिकला वडिलांच्या शिष्यांकडे, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यासांकडे. पुढे महाराष्ट्रानं त्याला डी. व्ही. पलुसकर म्हणून ओळखलं.