बियाणं दळायचं नसतं!

कोनिग्सबर्ग हे नाव आपल्याला माहीत असतं ते सात पुलांच्या कोड्यामुळे. ऑयलरने १७३६ मध्ये ते सोडवलं आणि ग्राफ थिअरीची सुरुवात झाली. याच गावात ८ जुलै १८६७ रोजी केटे श्मिट जन्मली. पुढे जग तिला केटे कोलविट्झ म्हणून ओळखू लागलं. तेव्हा हे गाव प्रशियात होतं. आज ते रशियात आहे आणि त्याचं नाव कालिनिनग्राड. युद्धांनी तिचं गावच नकाशावरून पुसलं. पण त्याआधी ती युद्धं तिच्या घरात शिरली होती.

केटेचे वडील कायदा शिकले होते, पण राजकीय मतांमुळे ती वाट सोडून गवंडीकामाकडे वळले. मुलीच्या हातात कला आहे हे त्यांनीच ओळखलं. सरकारी कला अकादमीत तेव्हा मुलींना प्रवेशच नव्हता, म्हणून ती बर्लिन आणि म्युनिकला मुलींच्या वेगळ्या कलाशाळांत शिकली. १८९१ साली तिने डॉ. कार्ल कोलविट्झशी लग्न केलं आणि बर्लिनच्या कामगारवस्तीत संसार मांडला. दवाखान्यात येणाऱ्या कामगारांच्या बायका, त्यांचं दारिद्र्य, त्यांची आजारी मुलं हे सगळं तिने जवळून पाहिलं.

१८९३ मध्ये तिने हाउप्टमानचं विणकरांच्या उठावावरचं नाटक पाहिलं आणि त्या विषयावर सहा चित्रं केली. त्यातली तीन लिथोग्राफ आणि तीन एचिंग होती. एचिंगची प्रोसेस आपल्याला कळेल अशीच आहे. धातूच्या प्लेटवर मेणासारखा थर द्यायचा, सुईने त्यात रेघा ओढायच्या आणि प्लेट ॲसिडमध्ये बुडवायची. जिथे थर निघाला तिथेच धातू खाल्ला जातो. त्या खाचांत शाई भरून कागदावर दाबलं की चित्र तयार. एका प्लेटवरून अनेक प्रती निघतात, म्हणजे चित्र फक्त श्रीमंताच्या भिंतीवर राहत नाही. १८९८ मध्ये या चित्रांसाठी सुवर्णपदकाची शिफारस झाली, पण कैसर विल्हेल्म दुसरा याने ती फेटाळली.

मग १९१४ उजाडलं. पहिलं महायुद्ध सुरू झालं. धाकटा मुलगा पीटर फक्त १८ वर्षांचा होता, म्हणजे आपल्या एफ.ई.च्या मुलांएवढा. त्याला स्वतःहून सैन्यात जायचं होतं. वय कमी असल्यामुळे वडिलांची परवानगी लागत होती. कार्ल तयार नव्हता. पीटरने आईला गळ घातली आणि केटेनेच नवऱ्याचं मन वळवलं. ऑक्टोबरमध्ये पीटर बेल्जियममध्ये मारला गेला.

जी परवानगी आपण मिळवून दिली, तिचं ओझं ती जन्मभर वाहत राहिली. तिने पीटरचं स्मारक करायला घेतलं. आधीच्या आराखड्यात मुलगा होता. काम थांबलं, पुन्हा सुरू झालं, आराखडा बदलला आणि शेवटी मुलगा त्यातून गेलाच. उरले फक्त गुडघे टेकलेले आई आणि बाप, दोन वेगळ्या दगडांत, एकमेकांपासून लांब. १९३२ मध्ये हे पुतळे बेल्जियममधल्या दफनभूमीत बसले. पीटर १८ वर्षं जगला, आणि त्याच्या स्मारकालाही १८ वर्षं लागली. आज हे पुतळे व्लाडस्लो इथे आहेत. तिथे २५,०००हून अधिक जर्मन सैनिक पुरलेले आहेत.

मधल्या काळात तिने युद्धावर सात वुडकट केले. या सात चित्रांत शत्रू कुठेच नाही. आहेत त्या विधवा, एकमेकींना धरून मुलांभोवती कडं केलेल्या आया, आणि ढोल वाजवणाऱ्या मृत्यूच्या मागे निघालेली तरुण पोरं. विणकरांच्या उठावाची बाजू घेणारी केटे आता कुठल्याच झेंड्यासाठी पोरं द्यायला तयार नव्हती.

१९१९ मध्ये ती प्रशियन कला अकादमीत निवडून आली होती. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. १९३२ मध्ये नाझींविरुद्ध डाव्या पक्षांनी एकत्र यावं अशा आवाहनावर तिने सही केली. सह्या करणाऱ्यांत आईनस्टाईनही होते. हिटलर सत्तेवर आला आणि १९३३ मध्ये तिला अकादमी सोडायला लावली गेली. १९३६ मध्ये गेस्टापोने दारात येऊन छळछावणीची धमकी दिली. तरी तिने देश सोडला नाही.

आपल्याकडे कितीही दुष्काळ पडला तरी शेतकरी पेरणीचं बियाणं दळून खात नाही. केटेच्या शेवटच्या लिथोग्राफचं नावही तेच सांगतं: बियाणं दळायचं नसतं. एक म्हातारी आई हात पसरून मुलांना कोटाखाली झाकून घेते आहे, आणि पोरं मात्र बाहेर डोकावतायत. हे चित्र १९४२ सालचं. त्याच वर्षी तिचा नातू रशियात मारला गेला. काकाच्या आठवणीत त्याचं नावही पीटरच ठेवलेलं होतं.

१९४३ मध्ये तिचं बर्लिनचं घर बॉम्बहल्ल्यात गेलं. २२ एप्रिल १९४५ रोजी ड्रेस्डेनजवळच्या मोरित्झबुर्गमध्ये ती वारली. युरोपातलं युद्ध संपायला तेव्हा फक्त १६ दिवस बाकी होते.