संत थॉमस मोर : वडिलांपुढे गुडघे टेकणारा मुलगा

जून महिन्याच्या तिसऱ्या रविवारी पितृदिन साजरा होतो. २२ जूनला ख्रिस्तसभा संत थॉमस मोर यांचा सण पाळते. चौथी आज्ञा कशी जगावी हे या संताकडून शिकावे.

थॉमस यांचा जन्म १४७८ साली लंडनमध्ये झाला. वडील सर जॉन मोर शिस्तीचे कडक. ऑक्सफर्डला शिकणाऱ्या मुलाला ते पैसे अगदी मोजूनमापून देत. मुलाला साहित्याची व ग्रीक भाषेची ओढ. वडिलांना मात्र तो वकील व्हायला हवा होता. सुमारे दोन वर्षांत त्यांनी त्याला परत बोलावून कायद्याच्या शिक्षणाला घातले. थॉमस यांनी वडिलांचे ऐकले, कायद्यात नाव कमावले, ग्रीकचा अभ्यासही सोडला नाही. मनात अढी मात्र धरली नाही.

१५२९ साली ते इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर झाले. वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये आपल्या न्यायासनाकडे जाताना वाटेत दुसरे न्यायालय लागे. तेथे त्यांचे वृद्ध वडील न्यायाधीश होते. ते बसलेले दिसले की राज्याचा हा सर्वोच्च अधिकारी आत जाई, सर्वांसमक्ष गुडघे टेकून वडिलांचा आशीर्वाद घेई आणि मगच कामाला लागे. पुढच्याच वर्षी वडील वारले.

थॉमस स्वतः चार मुलांचे प्रेमळ पिता होते. मुलींना शिकवण्याची रीत नसलेल्या त्या काळात त्यांनी मुलींनाही मुलाच्या बरोबरीने लॅटिन व ग्रीक शिकवले. घरी सर्वांची एकत्र प्रार्थना होत असे. थोरली मार्गारेट त्यांची विशेष लाडकी.

राजा आठवा हेन्री स्वतःला इंग्लंडमधील ख्रिस्तसभेचा प्रमुख म्हणवू लागला. थॉमस यांना ते मान्य नव्हते. १५३२ साली त्यांनी पद सोडले. घरात ओढगस्त आली. १५३४ साली राजाने मागितलेली शपथ नाकारल्याने त्यांना टॉवरच्या तुरुंगात टाकले. शपथ घ्या आणि घरी या, अशी गळ खुद्द मार्गारेटने घातली. लेकीचा शब्द मोडताना त्यांना किती यातना झाल्या असतील! पण देवाला दिलेला शब्द त्यांनी मोडला नाही.

१ जुलै १५३५ रोजी त्याच वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये त्यांना देहदंडाची शिक्षा सुनावली गेली. टॉवरकडे परत नेताना मार्गारेट पहारेकऱ्यांचे कडे भेदून धावत आली. गुडघे टेकून तिने आशीर्वाद घेतला आणि सर्वांदेखत वडिलांना मिठी मारली. ६ जुलैला त्यांचा शिरच्छेद झाला. १९३५ साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. २००० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना राजकारणी व राज्यकर्त्यांचे आश्रयदाते घोषित केले.

बंधू-भगिनींनो, मार्गारेटला गुडघे टेकायला कोणी शिकवले? वडिलांचा मान राखणे मुले घरात पाहून शिकतात. आपल्याकडेही संध्याकाळच्या रोझरीनंतर मोठ्यांचा आशीर्वाद घेण्याची सुंदर प्रथा आहे. ज्या घरांतून ती गेली, तेथे ती परत यावी. वडिलांशी अबोला असेल, जुना सल असेल, तर पहिले पाऊल आपण टाकू या. ज्यांचे वडील देवाघरी गेले, त्यांनी आजच्या मिस्सामध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना करावी.

संत थॉमस मोर, आमच्यासाठी विनंती कर.