आठ वाजून नऊ मिनिटं

गेल्या मे महिन्यात इथे इंग्लंडमध्ये मी ३०० किलोमीटरच्या सायकल राइडला गेलो होतो. पहाटे चारला सुरुवात, वीस तासांत संपवायची. वाटेत कंट्रोल असतात, म्हणजे आपले तपासणी नाके. तिथे कार्डावर शिक्का घ्यायचा. ताशी १५ किलोमीटरच्या हिशोबाने नाका बंद होतो, त्यामुळे २४० किलोमीटरवरचा नाका रात्री आठला बंद होणार होता. दोन पंक्चर काढून मी पोचलो आठ वाजून नऊ मिनिटांनी! तिथल्या आजीबाईंनी प्रेमाने चहा-बिस्किटं दिली, शिक्का मात्र दिला नाही. सर्व्हर टाइमआउट!

घरी आल्यावर आठ वर्षांच्या चिरंजीवांनी विचारलं की बाबा, तू हरलास का? मला उत्तर देता येईना. मग चिडून हा नियम कुणी काढला ते शोधायला बसलो, आणि भेटले आंरी देग्रांज, टूर द फ्रान्सचे जनक.

देग्रांज यांचा जन्म १८६५ सालचा, पॅरिसचा. वकिलाच्या ऑफिसात कारकून होते. उघड्या पोटऱ्यांनी सायकल चालवतात अशी एका अशिलाने तक्रार केली आणि नोकरी गेली, असं सांगतात. १८९३ मध्ये त्यांनी एका तासात ३५.३२५ किलोमीटर सायकल चालवून विक्रम केला. पुढे ते 'लोटो' या क्रीडा दैनिकाचे संपादक झाले. खप वाढेना, तेव्हा जेओ लफेव्र या तरुण सहकाऱ्याने देशभर फिरणाऱ्या शर्यतीची कल्पना मांडली. १९०३ च्या पहिल्या टूरला ६० जण निघाले, २१ पोचले. पुढच्याच वर्षी इतकी लबाडी झाली की पहिले चौघेही बाद ठरले.

देग्रांज महा कडक माणूस. एकच गडी पूर्ण करू शकेल ती खरी टूर, असं त्यांचं मत! १९१३ मध्ये पिरेनीज पर्वतात ओजेन क्रिस्तोफचा फोर्क तुटला. बिचारा सायकल घेऊन मैलोन् मैल चालला, लोहाराच्या भट्टीवर स्वतः फोर्क जोडला. पण भाता एका मुलाने चालवला म्हणून त्याला दंड झाला.

तरी एकदा हे घड्याळही नमलं. १९२६ मध्ये बायोन ते ल्युशाँ या ३२६ किलोमीटरच्या टप्प्यात पाऊस, चिखल आणि थंडीने सगळ्यांची दाणादाण उडाली. जिंकणाऱ्यालाच सतरा तासांवर लागले. मध्यरात्रीपर्यंत कित्येक जण पोचलेच नव्हते, त्यांना शोधायला गाड्या पाठवल्या. शेवटी वेळेची मर्यादा वाढवावी लागली.

माझ्या राइडचं मूळही त्यांच्यापाशीच निघालं. इटलीतली 'ऑदाक्स' ही कल्पना देग्रांजनी १९०४ मध्ये फ्रान्समध्ये रुजवली. यात शर्यत नाही. कॅप्टनच्या मागे सर्वांनी एकत्र, ठरावीक वेगाने जायचं. १९२१ मध्ये त्यांचं आणि ऑदाक्स क्लब पारिझियँचं बिनसलं आणि त्यांनी क्लबची परवानगीच काढून घेतली. क्लबवाल्यांनी मग आपली वेगळी चूल मांडली: ज्याने त्याने आपल्या वेगाने जावं, फक्त नाके वेळेत गाठावेत. आज जगभर चालतं ते हेच. यात पहिला-दुसरा नंबर नसतो. साडेसात तासांत २०० किलोमीटर करणारा आणि साडेतेरा तास घेणारा, दोघांची नोंद सारखीच!

इथे माझा राग गेला. देग्रांजच्या टूरमध्ये घड्याळ लोकांना गाळायला होतं. त्यांच्याशी भांडलेल्यांनी तेच घड्याळ हळू जाणाऱ्यालाही बरोबरीने बसवायला वापरलं. नंबर नको असतील तर रेघ कुठेतरी मारावीच लागते, आणि ती नऊ मिनिटांसाठी हलवली तर तिला अर्थ राहत नाही.

१९३६ मध्ये ऑपरेशननंतर, डॉक्टरांचं मन वळवून देग्रांज टूरबरोबर मोटारीने निघाले. दुसऱ्याच दिवशी त्यांना सोडून द्यावं लागलं. १९४० मध्ये ते गेले. गालिबिए घाटात त्यांचं स्मारक आहे.

चिरंजीवांना सांगितलं, हरलो नाही रे, उशीर झाला. पुढच्या मे महिन्यात पुन्हा जातोय, या वेळी जादा ट्यूब घेऊन.